डावा कोपरा

आमच्याकडचा गणपती गौरीबरोबर जातो आणि पाहुणे गणपतीच्या आधी येतात. मधल्या पाच-सहा दिवसांत घरात इतकी माणसे होतात, की रात्री पाणी प्यायला उठावे तर परत येईपर्यंत आपल्या उशीवर दुसरेच कोणीतरी घोरत असते. दापोली तालुक्यात घरोघरी हीच कथा. इथे नावाजलेली पिके दोनच, आंबा आणि चाकरमानी. आणि आंब्याचा काही भरवसा नाही.

चाकरमान्यांत पुन्हा दोन प्रकार. दापोलीच्या एस.टी. स्टँडवरून मुंबईला गाडी सुटते, तशी पुण्यालाही सुटते. माणूस विशीत कोणत्या गाडीत चढला, यावर त्याची पुढची सगळी मते ठरतात. माझी थोरली बहीण लग्न होऊन मुंबईच्या गाडीत बसली आणि धाकटा भाऊ नोकरी लागून पुण्याच्या. त्यामुळे बहिणीचा मुलगा कट्टर मुंबईकर आणि भावाची मुलगी जाज्वल्य पुणेकर. तसे बघायला गेले तर भाचा राहतो डोंबिवलीला आणि पुतणी निगडीला. पण कबड्डीचा विषय निघाला, की डोंबिवली सरकत सरकत गिरगावात येते आणि निगडी शनिवारवाड्याला जाऊन टेकते. तो मला मामा म्हणतो, ती काका म्हणते. दोघे एकदम बोलायला लागली, की पडवीत आपल्याखेरीज आणखी कोणी वडील माणूस बसले आहे की काय, म्हणून मी मागे वळून बघतो.

ही गोष्ट २०२२ सालच्या गणपतीतली. ३१ ऑगस्टला चतुर्थी होती. प्रो कबड्डीचा नववा हंगाम ७ ऑक्टोबरला सुरू व्हायचा होता आणि महिनाभरापूर्वी, ५ आणि ६ ऑगस्टला, मुंबईत खेळाडूंचा लिलाव उरकला होता. दुपारची जेवणे झाली. मोदकांची संख्या जाहीर न करण्याचा आमच्याकडे प्रघात आहे, म्हणून एवढेच सांगतो की कोणालाही उठून उभे राहणे शक्य नव्हते. बसल्या बसल्या भाच्याने एक पाठकोरी लग्नपत्रिका ओढली आणि मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले 'यू मुंबा', उजवीकडे 'पुणेरी पलटण'. यंदा कोणाचा संघ भारी, याचा निकाल गौरी यायच्या आत लावायचा होता. पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मी आयुष्यभर पोस्टात होतो. दोन माणसांच्या मध्ये उभे राहायचे, एकाचे दुसऱ्याला पोचवायचे आणि आपण त्यात तोंड घालायचे नाही, ही सवय अंगात मुरलेली.

"आधी चढाई," भाचा म्हणाला.

मुंबईच्या रकान्यात त्याने गुमान सिंगचे नाव लिहिले आणि पुढे कंसात १ कोटी २१ लाख. आमच्या वेळी कबड्डीपटूच्या नावापुढे कंसात फार तर 'गुडघा दुखावलेला' असे लिहीत. अभिषेक सिंग आणि अजित कुमार हे मुंबईचे आदल्या हंगामातले दोन्ही भरवशाचे चढाईपटू गेले होते, एक तेलुगू टायटन्सकडे आणि दुसरा जयपूरला. भाच्याने ती दोन नावे लिहिली, मग खोडली, मग खोडलेल्या नावांकडे बघत बसला. पुतणीने तिच्या बाजूला भराभर लिहायला सुरुवात केली. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. सगळी पोरे विशीतली, पळाली तर वाऱ्याला सापडायची नाहीत अशी. शिवाय इराणचा मोहम्मद नबीबक्ष, जो चढाईही करतो आणि पकडही करतो, ८७ लाखांना.

"चढाईत पुणे पुढे," मी निकाल दिला. भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की हा मामा आईकडून आहे याचीच त्याला शंका आली असावी.

"पकडीत बघू ना," तो म्हणाला. "कर्णधार सुरिंदर सिंग. उजव्या कोपऱ्याला रिंकू. बोल!"

"डाव्या कोपऱ्याला?" पुतणीने विचारले.

पडवीत शांतता पसरली. आत कोणीतरी टोप घासत होते तेवढाच आवाज. भाच्याने पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली. मुंबईच्या रकान्यात डाव्या कोपऱ्याची जागा मोकळी होती. पुतणीने उजव्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिले: फझल अत्राचली. १ कोटी ३८ लाख.

ज्यांना कबड्डीत गम्य नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सात जणांची साखळी उभी असते, तिच्या दोन टोकांना दोन कोपरे. चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' करत आत आला, की सगळी साखळी मागे सरते. कोपरा मात्र त्याच्या पाठीमागच्या बाजूला दबा धरून असतो. बाकीचे खेळतात, कोपरा वाट बघतो. आणि मग एका क्षणी खाली वाकून असा घोटा धरतो, की आलेल्या माणसाला मध्यरेषा परदेशात गेल्यासारखी वाटते. फझल अत्राचली हा इराणी माणूस या विद्येतला सुलतान. लोक त्याला सुलतानच म्हणतात. २०१८ पासून सलग तीन हंगाम तो मुंबईचा कर्णधार होता. आणि आता तो पुण्याचा झाला होता. मुंबईचा किल्लेदार पुण्याला जाऊन मिळाला, असा प्रकार.

भाच्याचे दुःख नुसते तात्त्विक नव्हते. त्याच्या अंगात त्याच वेळी एक टी-शर्ट होता. पुढे मुंबईच्या संघाचे चिन्ह, पाठीवर फझलचे नाव. म्हणजे समोरून मुंबईकर आणि पाठमोरा झाला की पुणेकर.

"उलटा करून घाल," आमच्या सौभाग्यवतींनी आतून उपाय सुचवला. तिने आयुष्यात कबड्डीचा एकही सामना धड पाहिलेला नाही, पण कपड्यांचे प्रश्न ती कुठूनही सोडवते.

पुतणीचीही अडचण थोडीथोडकी नव्हती. आदल्या गणपतीपर्यंत हाच फझल तिच्या लेखी दांडगट होता. 'घोटा धरतो का मोडतो?' असे तिचे शब्द मी या कानांनी ऐकले आहेत. आता तीच पकड 'तंत्रशुद्ध' झाली होती. तो पंचांशी हुज्जत घालतो असे ती म्हणत असे. आता तो 'नियम जाणतो' असे ऐकायला मिळाले. उलट भाच्याला एकाएकी फझलचे वय दिसू लागले. "तिशी झाली त्याची. आता काय राहिलंय?" महिन्यापूर्वी त्याच माणसाला 'अनुभवी' म्हणत होता. माणूस तोच, हात तेच, धरलेला घोटाही तसाच. फक्त बनियनचा रंग बदलला आणि सगळी विशेषणे कूस बदलून झोपली. शाळेत आम्हांला सद्गुण-दुर्गुण पाठ करायला लावीत. ते कोणत्या बनियनवर शोभतात, तेही सोबत छापायला हवे होते.

बरे, हा धक्का भाच्याला पहिलाच नव्हता. अनुप कुमार हे त्याचे आद्य दैवत. तो हरयाणाचा, पण मुंबईला पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत नेणारा आणि २०१५ साली करंडक मिळवून देणारा कर्णधार. त्या दोन वर्षांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, पुणे दोन्ही वेळा तळाला होते, हे भाचा आजही तारखांसकट सांगतो. असा हा अनुप कुमार निवृत्त झाला आणि २०१९ साली प्रशिक्षक म्हणून कुठे गेला? पुण्याला! भाचा तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता, असे बहिणीने फोनवर सांगितले होते. तिला वाटले मुलीचे प्रकरण आहे.

आणि फझलचे तर आणखी मागचे आहे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत सात वेळा सुवर्णपदक आपले. दुसऱ्याला ते मिळू शकते ही कल्पनाच नव्हती. २०१८ साली जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. त्या इराणी संघात फझल होता. भाचा त्या ऑगस्टमध्ये दातओठ खाऊन बोलत होता. ऑक्टोबरमध्ये तोच फझल मुंबईचा कर्णधार म्हणून उतरला आणि भाच्याने टी-शर्ट विकत घेतला. तोच हा, पाठीवर नाव असलेला.

"मग तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?" मी विचारले. पंचाने विचारायचा प्रश्न नव्हे. पण राहवले नाही.

"मुंबईच्या."

"म्हणजे कोणाच्या? अनुप नाही, फझल नाही, अभिषेक नाही. पहिल्या हंगामातलं आज कोण आहे?"

"कोणी नाही. तरी मुंबईच ना मामा!"

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत या प्रश्नाला थीसियसचे जहाज म्हणतात. एका जहाजाची फळी न् फळी बदलली, तर ते तेच जहाज की दुसरे? हे जहाज म्हणे अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते आणि विद्वान त्यावर वाद घालीत. हर्णैच्या बंदरात होड्यांच्या फळ्या सतत बदलत असतात, पण तिथे असा वाद कधी ऐकला नाही. होडी तीच, कारण कर्ज तेच.

आमच्या घरातला निकाल मात्र सौभाग्यवतींनी लावला. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि म्हणाली, "त्यात एवढं काय? हा गणपती आपल्या घरी किती वर्षं आहे?"

"पणजोबांपासून," मी म्हणालो.

"आणि ही मूर्ती?"

"काल आणली."

"मग झालं तर. मूर्ती दर वर्षी नवी. पाट तोच. पाट आपण महिनाभर आधी शाळेत नेऊन देतो, त्यावर कोणती मूर्ती बसते ती बसते. तुमच्या त्या मुंबईचंही तसंच."

गणपतीची शाळा म्हणजे जिथे मूर्ती घडवतात ती जागा, हे बाहेरच्या वाचकांसाठी. आमचा पाट फणसाचा आहे, मागच्या बाजूला पणजोबांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आहेत, आणि त्याचा एक पाय आखूड असल्यामुळे आमचा गणपती पिढ्यान्पिढ्या जरासा उजवीकडे कलून बसतो. मूर्तिकार बदलले, माती बदलली, कल तोच राहिला. दोन्ही पोरांना हे एकदम पटले. थीसियसची फाईल आमच्या घरापुरती बंद झाली. मुंबई म्हणजे पाट, पुणे म्हणजे दुसरा पाट, आणि फझल काय किंवा अनुप काय, आपापल्या वर्षी बसले आणि उठले.

इथे थांबले असते तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण भाच्याचा जळफळाट पुरता शमला नव्हता.

"ते सगळं ठीक आहे मामी. पण मूर्ती स्वतःहून उठून शेजारच्या पाटावर जाऊन बसत नाही. हा गेला. फितूर आहे तो."

"दादा," पुतणी म्हणाली, "लिलाव होता ना? मुंबईलाही बोली लावता येत होती. एक कोटी अडतीसच्या पुढे त्यांनी हात वर केला नाही. त्यानं मुंबई नाही सोडली. मुंबईनं पैसे मोजले, बघितले, आणि त्याला सोडलं."

मला एकाएकी खोकला आला.

"मामा, तुमच्या वेळी होतं का असं काही? कोणी संघ बदलला होता?" भाच्याने विचारले.

"छे," मी म्हणालो, आणि पाणी प्यायला आत गेलो.

साफ खोटे बोललो. गणपतीसमोर.

आमची वरची वाडी. आमचाही संघ होता. मी त्या संघात सहा वर्षे होतो. मैदानात नव्हतो, संघात होतो. राखीव खेळाडू, गुणलेखक, लिंबू कापणारा आणि मंडळाचा खजिनदार अशा चार जागा मी एकट्याने अडवल्या होत्या. जो प्रत्यक्ष खेळत नाही त्याची निष्ठा फार प्रखर असते, हे मी स्वानुभवावरून सांगतो. खेळणाऱ्याला श्वास पुरवायचा असतो, त्याला निष्ठेला वेळ मिळत नाही. आम्हांला कडेला उभे राहून दुसरे कामच नसते.

आमच्या संघात एक डावा कोपरा होता. माझ्याच वयाचा, माझ्या शेजारच्या घरातला. शाळेत एका बाकावर, पऱ्ह्यात एका डोहावर. त्याने घोटा धरला की धरला. चढाईला आलेला माणूस पुढे सुटला तरी त्याचा पाय मागे राहतो, असे आम्ही म्हणत असू. बाप लवकर गेलेला, घरात आई आणि धाकटी बहीण.

१९७८ साली बहिणीचे लग्न ठरले. हनुमान जयंतीच्या सामन्यांना तीन आठवडे होते. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि बांधावर बसला. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरीत होता. मग म्हणाला, शंभर रुपये कमी पडतायत. मंडळाच्या पेटीत आहेत ना? पावसापूर्वी फेडीन.

पेटीत एकशे त्रेचाळीस रुपये होते. शिमग्याची वर्गणी. ते मला जसे माहीत होते तसे त्यालाही माहीत होते, कारण वर्गणी मागायला आम्ही दोघेच फिरलो होतो. मी खजिनदाराचा चेहरा केला. "मंडळाचा पैसा आहे. खाजगी कामाला कसा द्यायचा? आणि यंदा सगळ्यांना एकसारख्या बनियनी आणायच्या ठरल्यात." हे मी त्याला म्हणालो. अजून तसेच्या तसे आठवते. तो 'बरं' म्हणाला आणि उठला.

मी दापोलीला जाऊन लाल बनियनी आणल्या. पाठीवर आकडे घालून घेतले. त्याच्यासाठी तीन नंबर. तो मात्र खालच्या वाडीतल्या एका बागायतदाराकडे गेला होता. त्याने दोनशे रुपये दिले आणि बागेत बारमाही काम. फक्त हनुमान जयंतीला खालच्या वाडीकडून उतरायचे. आकडा लहान होता, पण लिलाव म्हणतात तो हाच. बोली आधी आमच्याकडे लागली होती आणि आम्ही हात वर केला नव्हता. फरक एवढाच, की मुंबईच्या लिलावात शेवटची बोली पुकारली जाते. आमच्याकडची फक्त मला माहीत होती.

सामन्याच्या रात्री कापलेल्या भाताच्या शेतात फक्कीने रेघा मारलेल्या, चारी कोपऱ्यांना गॅसबत्त्या. तो समोरच्या अर्ध्यात डाव्या कोपऱ्यात उभा राहिला, जुन्या, विरलेल्या गंजिफ्राकात. मी कडेला, कोऱ्या लाल बनियनमध्ये. आणि कोणीतरी ओरडले, "फितूर!"

कोणीतरी म्हणजे मी. मग सगळी वाडी ओरडली. त्या रात्री त्याने आमचे चार घोटे धरले. आम्ही हरलो.

बार्सिलोनाचा लुईस फिगो २००० साली रेआल माद्रिदला गेला आणि २००२ साली त्यांच्याकडून बार्सिलोनाच्या मैदानावर खेळायला आला, तेव्हा प्रेक्षकांनी इतर वस्तूंबरोबर डुकराचे मुंडकेही फेकले होते. हे मी पुढे वाचले, तेव्हा मला फार सुधारलेल्यासारखे वाटले. आम्ही काही फेकले नाही. फक्त त्या वर्षी गणपतीत आरतीची मंडळी घरोघर फिरली ती त्याचे घर वगळून. पायवाट त्याच्या खळ्यातूनच जात होती; आम्ही टाळ बंद ठेवून पुढे गेलो आणि पलीकडे गेल्यावर परत सुरू केले. दुसऱ्या वर्षी तो आईला घेऊन खालच्या वाडीत राहायला गेला.

मी पुढे पोस्टात लागलो. त्याची कधीमधी मनीऑर्डर यायची, तो खिडकीशी यायचा. आम्ही जन्मापासून अरे-तुरे. मी पैसे मोजून पुढे सरकवायचो आणि म्हणायचो, "सही करा." आमच्यात सगळ्यात मोठे भांडण झाले ते या 'करा'मध्ये. शिव्या दिल्या असत्या तर चालले असते. चव्वेचाळीस वर्षे आम्ही एकमेकांना मान देत राहिलो.

निष्ठा ही चांगली गोष्ट, याबद्दल माझे दुमत नाही. पण तिचा हिशेब आम्ही नेहमी एकाच बाजूने लिहीत आलो. खेळाडूने संघाचे काय देणे लागावे, यावर मी आजही तासभर बोलेन. संघाने खेळाडूचे काय देणे लागावे, हे सदर माझ्या खजिनदाराच्या वहीत आखलेलेच नव्हते. आणि बघणाऱ्याने दोघांचे काय देणे लागावे? भाचा टी-शर्टाचे पैसे देतो, तेवढे तरी देतो. मी बनियन मंडळाच्या पैशांतून घातली होती.

नवव्या हंगामात पंचाचा निकाल बराचसा खरा ठरला. मुंबई पहिल्या सहांतही आली नाही. पुणे अंतिम सामन्यात पोचले आणि १७ डिसेंबरला तो सामना झाला कुठे, तर मुंबईत! भाच्याची मोठी पंचाईत झाली. मुंबईच्या मैदानावर पुण्याचा संघ, त्याचा कर्णधार मुंबईचा माजी कर्णधार. शेवटी त्याने जयपूरच्या बाजूने ओरडायचे ठरवले. जयपूरने ३३-२९ असे जिंकले. भाच्याने फोन करून सांगितले, "मामा, न्याय झाला!" पाठोपाठ पुतणीचा फोन, "काका, चार गुणांनी हो!" ती रडत होती. फझलसाठी रडत होती की पुण्यासाठी, ते मी विचारले नाही. पुढल्याच हंगामात फझल गुजरातला गेला आणि १ मार्च २०२४ रोजी पुण्याने त्याच्याशिवाय हरयाणाला २८-२५ असे हरवून करंडक आणला. पुतणीने पेढे पाठवले. फझल पुढे बंगालकडे गेला, मग दिल्लीकडे. २०२५ च्या अंतिम सामन्यात दिल्लीने पुण्याला ३१-२८ असे हरवले तेव्हा तो दिल्लीच्या बाजूने होता. त्या रात्री पुतणीने पुन्हा 'दांडगट' हा शब्द वापरला. विशेषण बिचारे किती वर्षांनी घरी आले.

पण मला सांगायचे आहे ते १८ डिसेंबर २०२२ च्या सकाळचे. रविवार होता. मी मासे आणायला हर्णैला गेलो होतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे वाळूत टोपल्या मांडलेल्या आणि लिलाव रंगात आलेला. पापलेट, सुरमई, कोळंबी. सगळे आपापल्या भावात. लिलावात आमच्यासारख्या पिशवीवाल्यांना कोणी विचारत नाही. व्यापाऱ्यांचे आटपले, की मग कोळणींकडून घ्यायचे. तोवर उभे राहून ऐकायचे.

शेजारी कोणीतरी उभे होते. डाव्या बाजूला, जरासे मागे. त्याची उभे राहण्याची पद्धत मी मान न वळवता ओळखली.

बराच वेळ कोणी बोलले नाही. बोली चढत होती.

"काल इराण्याचं नशीब नाय," तो समुद्राकडे बघत म्हणाला.

"बघितलास?" मी म्हणालो. तोंडातून गेले ते 'बघितलास' असेच गेले. 'बघितलंत' म्हणायला वेळच मिळाला नाही.

"नातवानं लावलान. चांगला धरतो घोटा."

"तुझ्याएवढा नाय."

तो हसला नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कोळंबीची टोपली कोणाच्या तरी नावावर पुकारली गेली. मी काहीतरी बोलणार होतो. शंभर रुपयांचे. वाक्य जुळवून तयार होते, गणपतीपासून तयार होते. तेवढ्यात त्यानेच विचारले,

"त्या लाल बनियनी... रंग टिकला काय रं?"

"पैल्याच धुण्याला गेला," मी म्हणालो. "सगळा संघ गुलाबी."

"माझी पण?"

"तुझी तशीच आहे. घडी मोडली नाय."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिले. मग बांगड्याच्या टोपलीशी बसलेल्या कोळणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती भाव लावते बरा. चल, दोघांत घेऊ." आणि ती पहिला भाव बोलली तसे आम्ही दोघेही एकदम 'छे छे' म्हणून ओरडलो.